वेगळं निघणं आणि वाटणी होणं

पलूस तालुक्यातल्या एका घराचा वाटणीचा दावा मी चालवला होता. त्या घरातली नात आता कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे आणि विषय आहे राष्ट्राचं सार्वभौमत्व आणि संघातून बाहेर पडण्याचा हक्क. तिने मला विचारलं ते थोडक्यात असं: "वकीलकाका, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं ते सार्वभौमत्वासाठी, असं म्हणतात. मग तिथले लोक अजून त्यावरून भांडतायत का? ५२ विरुद्ध ४८ एवढ्या फरकावर देशाने असा निर्णय घ्यावा का? त्यांना सार्वभौमत्व मिळालं का? आणि आपल्याकडचं एखादं राज्य असं निघू शकतं का?"

अगं, मी काही घटनातज्ज्ञ नव्हे. सांगली, तासगाव, विटा इथल्या दिवाणी कोर्टांत तीस वर्षं गेली आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ वाटणीच्या दाव्यांत. त्यामुळे हे उत्तर वाटणीच्या वकिलाचं आहे. पण ब्रिटनचं प्रकरण मी पहिल्यापासून वाचत आलोय, त्यातले दोनतीन निकालही बसून वाचले, आणि दर वेळी वाटलं की हा तर आपल्याच कोर्टातला दावा. फक्त पक्षकार टाय लावून आलेत.

तू तेव्हा बालवाडीत असशील. सातबाऱ्यावर तुझ्या आजोबांचं नाव होतं आणि नावापुढे 'ए.कु.पु.', म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी. तुझ्या काकांनी एक रजिस्टर नोटीस पाठवली, जेमतेम अर्ध्या पानाची: मला एकत्र राहायचं नाही, माझा हिस्सा वेगळा करून द्या. ती नोटीस घरात पोचली त्या दिवशी कायद्याच्या नजरेत तुमचं एकत्र कुटुंब संपलं. मिताक्षरा, म्हणजे आपल्या हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यात वेगळं निघायला कुणाची संमती लागत नाही, कारण द्यावं लागत नाही. इरादा स्पष्ट हवा आणि तो इतरांना कळवलेला हवा, बस.

पण जमीन? जमीन जागच्या जागी. प्राथमिक हुकूमनामा झाला, त्यात नुसते हिस्से ठरले. मग शेतजमीन म्हणून प्रकरण महसूलकडे गेलं, मोजणी आली, सरस-निरस बघून तुकडे पाडायचं ठरलं, तर काळं रान कुणाला आणि मुरमाड कुणाला यावर दोन वर्षं. विहीर एकच, ती कशी कापणार? पाणंद कुणाच्या हिश्श्यातून? सोसायटीचं कर्ज कुणाच्या डोक्यावर? आजी कुणाकडे? अंतिम कागद हातात यायला अकरा वर्षं गेली. वेगळं निघणं एका दिवसाचं होतं आणि वाटणी अकरा वर्षांची. आमच्याकडे या दोन गोष्टींना कायद्यात वेगळी नावं आहेत. ब्रिटनने २०१६ साली लोकांना पहिलीबद्दल विचारलं आणि सगळ्यांनी धरून चाललं की दुसरी आपोआप होईल. माझ्या मते निम्मं भांडण इथंच आहे.

आता तारखा बघ. ब्रिटन युरोपच्या आर्थिक समुदायात गेलं १ जानेवारी १९७३ ला. दोनच वर्षांनी, १९७५ साली, आत राहायचं का म्हणून सार्वमत घेतलं, तेव्हा ६७ टक्के लोक आत राहू म्हणाले. म्हणजे लोकांना विचारणं २०१६ साली पहिल्यांदा झालं असं नाही. मध्यंतरी तो समुदाय बदलत गेला. बाजारासाठी एकत्र आलेले देश संघ झाले, बऱ्याच जणांनी एक चलन घेतलं, २००४ साली पूर्व युरोपातले देश आत आले. १९७५ साली हो म्हणणाऱ्याला हे कुणी विचारलं नव्हतं, ही बाहेर पडू म्हणणाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. हे तुझ्या वादात प्रामाणिकपणे मान्य कर. समोरचा त्यावरच उभा राहणार आहे.

२३ जून २०१६ ला मतदान झालं. ७२.२ टक्के लोकांनी मत दिलं. बाहेर पडायला ५१.९ टक्के, राहायला ४८.१, माणसांत मोजलं तर १ कोटी ७४ लाख विरुद्ध १ कोटी ६१ लाख. पण हे मतदान म्हणजे नोटीस नव्हे. नोटीस द्यायची सोय लिस्बन करारातल्या कलम ५० मध्ये आहे आणि ते कलम अमलात आलं २००९ च्या डिसेंबरात. (त्याआधी बाहेर पडण्याची वाट करारात लिहिलेलीच नव्हती. तरी ग्रीनलंड १९८५ साली बाहेर पडलं, मासेमारीच्या कुरबुरीवरून. लिहिलेलं नसलं म्हणजे होत नाही असं नाही.) मग प्रश्न आला की नोटीस देणार कोण. सरकार म्हणालं, परराष्ट्रांशी करार करणं-मोडणं हा राजमुकुटाच्या नावाने आम्ही वापरतो तो अधिकार आहे, आम्हीच देऊ. जीना मिलर नावाच्या बाई कोर्टात गेल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर वाद असा, की कर्त्याने एकट्याने नोटीस द्यायची की सगळ्या हिस्सेदारांच्या सहीने.

उच्च न्यायालयाने सरकारच्या विरोधात निकाल दिला, तेव्हा एका वर्तमानपत्राने तिन्ही न्यायाधीशांचे फोटो पहिल्या पानावर छापून त्यांना 'जनतेचे शत्रू' म्हटलं. २४ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानेही ८ विरुद्ध ३ असा तोच निकाल दिला. १९७२ साली संसदेने कायदा करून युरोपचा कायदा घरात आणला, त्यातून लोकांना हक्क मिळाले. ते हक्क काढायचे तर संसदेनेच काढावेत, असा त्याचा गाभा. संसदेने तसा कायदा केला आणि २९ मार्च २०१७ ला नोटीस गेली.

इथे जरा थांबतो, कारण तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. लोक एवढे का भांडतात? भांडण युरोपशी कमी आणि घरात शेवटचा शब्द कुणाचा याचं जास्त होतं. ब्रिटनला आपल्यासारखी एका पुस्तकात लिहिलेली राज्यघटना नाही. तिथला जुना नियम असा की संसद सर्वश्रेष्ठ. तिच्या वर कुणी नाही. आणि आता सार्वमतात जनता म्हणाली बाहेर पडा, तर संसदेतले बहुसंख्य खासदार मनातून आत राहायच्या बाजूचे. कायद्याने ते सार्वमत सल्ल्यापुरतं होतं, पण पंतप्रधानांनी आधीच सांगून ठेवलं होतं की तुम्ही ठरवाल ते आम्ही करू. म्हणजे जनता एक मालक, संसद दुसरी मालक आणि सरकार म्हणतं कुलमुखत्यारपत्र माझ्याकडे. अशा मिळकतीचा दावा माझ्याकडे आला असता तर मी फी आधी घेतली असती.

याचं टोक दिसलं २०१९ साली. सरकारने संसदेचं अधिवेशन पाच आठवडे स्थगित केलं. सर्वोच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०१९ ला ११ विरुद्ध शून्य असा निकाल दिला की ही स्थगिती बेकायदा आणि म्हणून ती झालीच नाही. संसदेचं सार्वभौमत्व परत आणायचं म्हणून निघालेलं सरकार संसदच बंद ठेवतंय, असं राहा म्हणणारे म्हणाले. आणि जनतेने दिलेला निकाल खासदार अडवतायत, असं निघा म्हणणारे म्हणाले. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं, हीच अडचण होती.

नोटिशीनंतर दोन वर्षांची मुदत असते. बोलणी सुरू झाली ती तीन गोष्टींवर, आणि तुझ्या घरची यादी आठवून वाच: आधी कबूल केलेले पैसे कोण देणार (सोसायटीचं कर्ज, ब्रिटिश सरकारचा अंदाज ३५ ते ३९ अब्ज पौंडांचा होता), एकमेकांच्या देशात राहणाऱ्या लोकांचं काय (आजी कुणाकडे), आणि आयर्लंडची सीमा (बांध). पंतप्रधान थेरेसा मे यांनी वाटणीचा मसुदा आणला. १५ जानेवारी २०१९ ला संसदेने तो ४३२ विरुद्ध २०२ असा फेटाळला. मार्चमध्ये अजून दोनदा फेटाळला. मग खासदार म्हणाले, आम्हीच पर्याय ठरवतो. २७ मार्चला आठ पर्याय मताला टाकले, त्यात बिनकरार निघण्यापासून परत सार्वमत घेण्यापर्यंत सगळं होतं. आठांपैकी एकालाही बहुमत नाही. पाच दिवसांनी त्यातलेच चार परत टाकले, तेही पडले.

माझ्याकडे असे पक्षकार दर महिन्याला येतात. 'निघायचं' यावर तिघे भाऊ एकमताचे. कसं, यावर तिघांची चार मतं. १ कोटी ७४ लाख लोकांनी बाहेर पडा म्हटलं त्यात कुणाला नॉर्वेसारखं बाजारात राहून निघायचं होतं, कुणाला कॅनडासारखा साधा व्यापार करार हवा होता, कुणाला काहीच नको होतं. मतपत्रिकेवर त्याची जागा नव्हती. शेवटी ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं, आणि खऱ्या अर्थाने वेगळी चूल पेटली ती १ जानेवारी २०२१ पासून.

याच काळातला एक निकाल मुद्दाम वाच. स्कॉटलंडमधल्या काही लोकप्रतिनिधींनी विचारलं होतं की दिलेली नोटीस एकतर्फी मागे घेता येते का. युरोपीय न्यायालयाने १० डिसेंबर २०१८ ला सांगितलं, येते. बाहेर पडेपर्यंत इतरांची परवानगी न घेता मागे घेता येते. आता आपला कायदा बघ. पुट्टरंगम्मा विरुद्ध रंगण्णा या १९६८ च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वेगळं निघण्याचा इरादा एकदा इतरांना कळवला की कुटुंब फुटलं. नंतर एकट्याने नोटीस मागे घेऊन ते सांधता येत नाही. परत एकत्र यायचं तर सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. गंमत अशी, की ज्या संघाने सार्वभौमत्व गिळलं म्हणून ओरड होती, त्याच्याच न्यायालयाने सदस्य देशाला आपल्या घरच्या भावापेक्षा जास्त मोकळीक दिली. त्या न्यायालयाचं कारणही वाचण्यासारखं आहे: देश आत आला स्वखुशीने, तर त्याला त्याच्या मर्जीविरुद्ध बाहेर ढकलता येणार नाही.

५२-४८ बद्दल. फरक कमी म्हणून निकाल खोटा, हे मला पटत नाही. एका मताने पडलेला सरपंच आमच्या भागात सगळ्यांनी पाहिलाय. आणि आपल्याकडचंच उदाहरण घे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. फरक ३४ हजारांचा. साताऱ्या-सांगलीकडच्या संयुक्त महाराष्ट्रवाल्यांना ते लागलं, पण कौल मानला गेला. विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी कौल निष्पक्ष व्हावा म्हणून आधी राजीनामा दिला होता. आणि काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत लोकांनी त्यांचाच पक्ष परत निवडून दिला. म्हणजे लोकांना पक्ष आणि प्रश्न वेगळे काढता येतात. ब्रिटनच्या मतदारालाही ते कळत नव्हतं असं समजणं हा उद्धटपणा होईल.

मग ब्रिटनमध्ये काय चुकलं? गोव्यात जिंकलेली बाजू होती 'आहे तसं'. तिला नकाशा काढावा लागत नाही. उद्या सकाळी कालचंच राज्य. बदल मागणारी बाजू जिंकली की नकाशा लागतो. स्कॉटलंडने २०१४ साली ब्रिटनमधून निघायचं का म्हणून मतदान घेतलं, तेव्हा निघू म्हणणाऱ्या तिथल्या सरकारने आधी साडेसहाशेहून अधिक पानांचं पुस्तक काढून सांगितलं होतं की निघालो तर चलन काय, सैन्य काय, पेन्शन काय. लोकांनी ते वाचून, त्यातल्या चलनावर बोट ठेवून, ५५ टक्क्यांनी नको म्हटलं. २०१६ साली मात्र सरकार राहायच्या बाजूचं, त्यामुळे निघण्याची योजना सरकारने केली नाही. आणि निघू म्हणणारे सरकारात एकत्र नव्हते, त्यामुळे त्यांनी एक योजना दिली नाही. संसदेच्याच परराष्ट्र व्यवहार समितीने त्या तयारी न करण्याला नंतर घोर निष्काळजीपणा म्हटलं.

कॅनडाने हा धडा आधीच घेतला होता. १९९५ साली तिथल्या क्वेबेक प्रांतात ४९.४ विरुद्ध ५०.६ अशा काठावर वेगळं निघणं हुकलं. त्यानंतर १९९८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मत दिलं: प्रांताला एकतर्फी निघण्याचा हक्क नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत आलं तर बाकीच्यांवर वाटाघाटीला बसण्याचं बंधन आहे. वाटणीच्या वकिलाला याहून शहाणं वाक्य सापडणं कठीण. स्पर्धेत एकच निकाल सांगायला वेळ असेल तर हा सांग.

आता सार्वभौमत्व मिळालं का. कायद्याच्या बाजूने बघ. १९९० च्या आसपास स्पॅनिश मच्छीमारांच्या बोटींवरून झालेल्या फॅक्टरटेम खटल्यात ब्रिटिश न्यायालयाने ब्रिटिश संसदेचा १९८८ चा कायदा युरोपच्या कायद्यापुढे बाजूला ठेवला होता. हे शतकानुशतकांत झालं नव्हतं; म्हणून राग खरा होता. पण ते का झालं? संसदेनेच १९७२ साली तसं लिहून दिलं होतं म्हणून. आणि संसदेला ते लिहिलेलं फाडता येतं, हे तिने फाडून दाखवलं. ब्रिटिश सरकारच्या स्वतःच्याच फेब्रुवारी २०१७ च्या श्वेतपत्रिकेत कबुली आहे की सदस्य असतानाही संसद सार्वभौमच होती, फक्त तसं नेहमी वाटत नव्हतं. 'वाटत नव्हतं' याला मी हसत नाही. तुझे काका एकत्र असतानाही हिस्सेदार होतेच की. पण उसाचं बिल आजोबांच्या नावावर जमा व्हायचं आणि मुलाच्या फीसाठी त्यांना मागावं लागायचं. कागदावर हक्क असून रोज मागावं लागतं तेव्हा माणूस नोटीस देतो.

सार्वभौमत्व खरंच गमावणं म्हणजे काय ते साताऱ्याच्या माणसाला विचार. १८१९ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने प्रतापसिंह महाराजांना गादी दिली. १८३९ साली कंपनीनेच त्यांना पदच्युत केलं. रंगो बापूजी त्यांची कैफियत घेऊन लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथे कंपनीच्या संचालकांचे आणि पार्लमेंटच्या सभासदांचे उंबरे झिजवत राहिले. तेवढ्यात १८४८ साली दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा झालं. वेस्टमिन्स्टरच्या त्याच दारात आमचा वकील न्याय मागत उभा होता. त्या तहात बाहेर पडण्याचं कलम ५० नव्हतं. होतं ते इतकंच, की तहाचा अर्थ लावणारा आणि तह मोडणारा एकच. त्या मापाने ब्रिटन युरोपीय संघात कधीच पारतंत्र्यात नव्हतं.

व्यवहाराच्या बाजूने बघायचं तर तुमच्याच द्राक्षबागेत ये. २०१० साली क्लोरमेक्वाट म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्याचे अंश सापडले म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले. तासगाव-पलूसच्या किती जणांना तेव्हा फटका बसला ते तुझे वडील सांगतील. ती उर्वरित अंशाची मर्यादा कुणी ठरवली? ब्रुसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने. तासगावच्या शेतकऱ्याचं तिथे मत होतं? नव्हतं. ब्रिटनचं होतं, तेव्हा ते त्या टेबलावर बसलेलं होतं. २०२१ पासून ब्रिटन त्या टेबलावर नाही. आता त्याचं अंशमर्यादेचं वेगळं रजिस्टर आहे, म्हणजे युरोपात, रॉटरडॅम बंदराला जाणारा माल एका यादीने तपासायचा आणि ब्रिटनला जाणारा दुसऱ्या. ही वेगळी यादी म्हणजे सार्वभौमत्व. ते मिळालं, नाही कसं? पण ब्रिटनच्या शेतकऱ्याला आपला माल युरोपात विकायचा तर युरोपचीच यादी पाळावी लागते, आणि आता मत न देता. म्हणजे त्या बाबतीत तो तासगावच्या रांगेत येऊन उभा राहिला. (रांग तशी वाईट नाही, आपण इतकी वर्षं उभे आहोत.)

ब्रिटनने मालावर स्वतःची वेगळी खूण आणली, मग २०२३ साली जाहीर केलं की बऱ्याच वस्तूंवर युरोपची जुनी सीई खूणही (माल तिथल्या नियमांत बसतो असं सांगणारी) बेमुदत चालेल. युरोपातून येणाऱ्या अन्नमालाची तपासणी पुढे ढकलत ढकलत २०२४ साली सुरू झाली. आणि १९ मे २०२५ ला दोघांनी ठरवलं की अन्न आणि शेतमालाच्या नियमांत ब्रिटन युरोपच्या बदलत्या नियमांबरोबर चालेल असा करार करू. युरोपच्या बोटींना ब्रिटिश पाण्यातली मासेमारी २०३८ पर्यंत. विरोधक म्हणाले, घात झाला. समर्थक म्हणाले, पोटापाण्याचं बघितलं. मी म्हणेन, विहिरीचं पाळीपत्रक झालं. विहीर फोडून दोन करता येत नाहीत, म्हणून वाटणी झालेले भाऊही आठवड्याच्या पाळ्या लिहून घेतात. दुसऱ्या पारड्यात हेही टाक: स्वतंत्र व्यापार धोरण आल्यामुळेच ब्रिटनला २४ जुलै २०२५ ला भारताशी वेगळा व्यापार करार करता आला. संघात असते तर तो अधिकार ब्रुसेल्सकडे होता.

सगळ्यात अवघड आहे ते बांधाचं. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये आणि आयर्लंड युरोपात. मध्ये बांध घातला तर तिथला रक्तपात थांबवणाऱ्या १९९८ च्या शांतता कराराला धक्का. म्हणून बांध समुद्रात सरकवला: ब्रिटनमधूनच उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालावर कागदपत्रं आली. २०२३ च्या विंडसर आराखड्याने ती सैल केली, पण ब्रिटनशी निष्ठा असणारे म्हणतात, आमच्याच घरात आम्हाला उंबरा घातला. उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्के आणि स्कॉटलंडने ६२ टक्के मतं राहायला दिली होती. एका संघातून निघताना दुसऱ्या, जुन्या संघाचे टाके उसवायला लागले. आणि बघ, उत्तर आयर्लंडला ब्रिटनमधून निघायची वाट कायद्यात लिहिलेली आहे: बहुमत तिकडे झुकलंय असं वाटलं तर मंत्र्याने मतदान घ्यायचं. स्कॉटलंडला तशी वाट नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटलंडची संसद असं सार्वमत ठरवू शकत नाही. एकाच राज्यातल्या दोन हिस्सेदारांना दोन न्याय. का, तर एकाने बंदुकीनंतर करार केला आणि दुसऱ्याने नेहमी मतपेटीच वापरली. हे मला बरं वाटत नाही, पण तसं आहे खरं.

आपल्याकडे उत्तर सोपं आहे. नाही. आपल्या घटनेच्या पहिल्या कलमात भारत म्हणजे राज्यांचा संघ आहे, आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केलं होतं की हा संघ राज्यांनी आपसात करार करून झालेला नाही, म्हणून कुठल्याही राज्याला निघण्याचा हक्क नाही. १९६३ च्या सोळाव्या दुरुस्तीने उमेदवाराच्या शपथेतच देशाची सार्वभौमता आणि एकात्मता आली. युरोपीय संघ हे एकत्र कुटुंब. आपला संघ वाटणी न होणारी मिळकत. आतले गाळे मात्र बदलता येतात, तेही राज्याच्या संमतीविना: २०१४ च्या जानेवारीत आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं, तरी जूनमध्ये तेलंगण झालं.

पण निघण्याचा हक्क नाही म्हणजे निघण्याची भाषा नाही असं समजू नकोस. आपल्याच जिल्ह्यातला जत तालुका. पाण्यावाचून कंटाळलेल्या गावांनी कर्नाटकात जातो म्हणून ठराव केले, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी त्याच ठरावांचा हवाला देऊन चाळीस गावांवर हक्क सांगायची भाषा केली. मुंबईत एकदम धावपळ झाली आणि विस्तारित म्हैसाळ योजनेच्या फायली हलल्या. जतच्या म्हाताऱ्याला राज्याची हद्द बदलायची होती का? त्याला कृष्णेचं पाणी हवं होतं, ते म्हैसाळहून उचललेलं असो की पलीकडून आलेलं. इंग्लंडच्या पूर्वेला बॉस्टन नावाचं भाजीपाल्याच्या शेतीचं गाव आहे. तिथे बाहेर पडायला ७५.६ टक्के मतं पडली, देशात सर्वांत जास्त. पूर्व युरोपातून शेतमजूर आले, गाव थोड्या वर्षांत बदललं, दवाखान्याची रांग लांबली. कागदावर प्रश्न संघाचा होता, मनात रांग होती. जतला निघता येत नव्हतं म्हणून तक्रार पाण्याच्या नावानेच ऐकावी लागली. बॉस्टनला निघता आलं, आणि तिथली रांग नंतर कुणी मोजली का, हे तू शोधून काढ.

तयारीचं म्हणशील तर विषयाच्या बाजूने बोलायचं की विरुद्ध, ते चिठ्ठीवर ठरेल. मिलर खटल्याचा निकाल वाचताना आठ न्यायाधीशांचा भाग सगळे वाचतात. तू आधी लॉर्ड रीड यांचं भिन्नमत वाच. सरकारची बाजू तिथे जितकी नीट मांडली आहे तितकी सरकारच्या वकिलांनाही जमली नव्हती. आणि रविवारी आलीस तर तुमच्या विहिरीचं पाळीपत्रक घेऊन ये. तुझ्या वडिलांची गुरुवारची पाळी आणि काकांची शुक्रवारची, त्यात रात्री बारानंतरची लाईट कुणाची यावर परत काहीतरी चाललंय असं ऐकतो.